धूमरसाचा संकल्प

बेलव्ह्यू
३ मार्च

प्रिय मोरूदादा,

फोनवर मी बोलायला लागले की रडते, आणि मी रडायला लागले की तू हवापाण्याचं बोलतोस. म्हणून लिहिते आहे. सुवर्णावहिनींना वाचून दाखवलंस तरी चालेल, पण केदारला यातलं अक्षर कळता कामा नये.

बाबांचं तेरावं झालं. केदार हर्नडनला परत गेला. आता पहिलं मासिक श्राद्ध तो त्याच्या घरी करणार आणि तू ट्रॉयहून व्हिडिओवर सांगणार, असं ऐकलं. "मोरूदादाकडूनच करून घेतो ताई, ही इज फॅमिली," म्हणाला. आठवडाभर गाड्यांचे सीटबेल्ट तपासणारा आणि शनिवार-रविवार अर्ध्या मिशिगनचे सत्यनारायण सांगणारा आतेभाऊ असल्याचा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. आता होऊ दे.

मला केदारचं उट्टं काढायचं आहे.

आईनं काशीहून आणलेलं गंगाजल तुला आठवत असेल. ती केदारच्या घरी वारली तेव्हा त्यातलं निम्मं तिच्या तोंडात घातलं. उरलेलं तिनं आधीच औषधाच्या एका छोट्या काचेच्या बाटलीत काढून ठेवलं होतं. "हे यांच्यासाठी," म्हणाली होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेल्या बाईनं नवऱ्यासाठी मागे ठेवलेलं दुसरं काही माझ्या माहितीत नाही. बाटली केदारच्या देव्हाऱ्यात होती. हॉस्पिसची नर्स म्हणाली की आता दिवसांचाच प्रश्न आहे, तेव्हा मी केदारला फोन करून दोनच गोष्टी सांगितल्या. तू ये. बाटली आण.

तो आला. पाठीला सॅक, हात मोकळे. मी दारातच विचारलं, "बाटली?"

"सुटकेसमध्ये आहे गं."

"सुटकेस कुठाय?"

"शिकागोला राहिली. कनेक्शन टाइट होतं. उद्या येईल म्हणाले."

म्हटलं, चुकून सॅकमध्ये ठेवली असेल आणि विसरला असेल. तो बाबांशी बोलत होता तेवढ्यात मी सॅक उघडली. वरच ती झिपची पारदर्शक पिशवी होती, विमानात पातळ पदार्थ घालून नेतात ती. तिच्यात तीन जाडजूड बाटल्या. एकीवर विड्याचं पान, एकीवर कॉफीच्या बिया, एकीवर पुदिना. शेजारी ते स्टीलचं पेनासारखं यंत्र. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोरं चोखत उभी असतात, ते. आईच्या पाण्याला त्या पिशवीत जागा नव्हती, दादा. केदारच्या व्हेपच्या तेलाला होती.

सुटकेस तिसऱ्या दिवशी आली. तोवर बाबांना अग्नी देऊनही आलो होतो.

तर तुझ्याकडून मला हे हवं आहे. संकल्पाच्या वेळी यजमान तुझ्यामागून बोलतो. काय बोलतो ते त्याला ठाऊक नसतं. तू दोन वाक्यं घाल. मी चोर आहे, मी नालायक आहे, आईचं पाणी टाकून मी माझं व्यसन वाहून आणलं. त्यानं ते हातात पाणी घेऊन पितरांसमोर म्हणावं आणि शेवटी मला नमस्कार करावा. समजलं नाही तरी चालेल. मला समजलेलं असेल, तेवढं पुरे.

तुझी,
रत्ना

---

ट्रॉय
६ मार्च

चि. रत्नेस मोरेश्वराचे आशीर्वाद.

चार वर्षांनी मोठा असल्याचा एवढाच फायदा आता उरला आहे, तो घेऊ दे.

पत्र सावकाश वाचलं. सुवर्णानं ते माझ्या आधी आणि जास्त सावकाश वाचलं. तिचं मत तुझ्या बाजूनं आहे. माझं मत मला अजून कळवण्यात आलेलं नाही.

आधी विमानतळाचं शास्त्र सांगतो. ते यंत्र सुटकेसमध्ये टाकताच येत नाही. त्यात बॅटरी असते, ती पोटातल्या सामानात पेटली तर विमानाचाच अग्निसंस्कार व्हायचा. म्हणून ते माणसाजवळ ठेवावं लागतं. विमानात ओढायचं मात्र नाही. तेल जवळ ठेवायचं तर प्रत्येक बाटली शंभर मिलिलिटरच्या आत, आणि सगळ्या मिळून त्या एका पिशवीत. पिशवीची झिप लागली पाहिजे. नाही लागली, तर काय ठेवायचं आणि काय काढायचं हे माणसानं ठरवायचं. ही केदारची वकिली नव्हे. गेल्या वर्षी माझ्या होमाच्या तुपाचा डबा सिक्युरिटीच्या टेबलावर राहिला, तेव्हापासून ही नियमावली मला संध्येतल्या चोवीस नावांसारखी पाठ आहे.

तेव्हा पिशवीत कोण राहिलं आणि कोण बाहेर गेलं हे केदारनंच ठरवलं, इथवर तुझं बरोबर. पण काचेची बाटली कपड्यांत गुंडाळून ठेवली तर फुटत नाही, असाही विचार असू शकतो. मी नुसता पूर्वपक्ष मांडतो आहे. शिव्या देऊ नकोस.

आता संकल्पाचं. यजमान मागून बोलतो हे खरं आहे, आणि फारच खरं आहे. परवा एका यजमानाला मी म्हटलं, "आता पळीभर पाणी सोडा." त्यानं डोळे मिटून, हात जोडून, माझ्याच सुरात विष्णूला सांगितलं, "आता पळीभर पाणी सोडा." विष्णूनं सोडलं की नाही कळलं नाही. अशा लोकांकडून काय वाटेल ते वदवून घेता येईल, म्हणूनच आम्ही ते घेत नाही. एवढी एक अब्रू आम्हा शनिवार-रविवारच्या भटांना आहे.

शिवाय तू 'व्यसन' लिहिलंस, 'धूम्रपान' हा शब्द माझ्याकडे सरकवला नाहीस, हे बरं केलंस. धूम म्हणजे धूर, धूम्र म्हणजे धुरकट. आपण मराठी माणसं धुरकट पान करतो. शास्त्रात धूमपान आहे.

खरं विचारू? सुटकेस चुकणं ही इथं रोजची गोष्ट आहे. तेवढ्यासाठी धाकट्या भावाला पितरांसमोर उभं करणारी तू नव्हेस. तू काहीतरी गाळलं आहेस. ते लिही, मग बघू.

मोरेश्वर

---

बेलव्ह्यू
८ मार्च

मोरूदादा,

लिहिते.

केदार आला त्या दुपारी बाबा जागे होते. बोलत नव्हते, पण माणूस ओळखत होते. त्यांना दोन आठवडे तोंडानं काही द्यायचं नव्हतं, गिळता येत नव्हतं. पण गंगेचा एक थेंब ओठांवर चालेल असं नर्स म्हणाली होती. म्हणून मी सामानाच्या नंबरवर फोन लावला. म्हटलं, आज रात्रीच्या विमानानं सुटकेस पाठवा, मी स्वतः घ्यायला येते. बाबांच्या खोलीत आवाज नको म्हणून कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसले, ड्रायरच्या शेजारी. केदारला म्हटलं, तू बस त्यांच्यापाशी.

फोनवर आधी एक बाई म्हणाली की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पियानो. मग तीच बाई. मग पियानो. तेवढं एकच कडवं परत परत. मी ते ऐकत बसले होते, दादा. फोन ठेवला तर रांगेतली जागा जाईल म्हणून हलले नाही. शेवटी एक माणूस आला आणि त्यानं विचारलं, बॅगेचा रंग कोणता? तेवढ्यात दारात केदार येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं. तरी मी त्या माणसाला "ब्लॅक" असं उत्तर दिलं.

दीड वर्ष मी त्यांचं सगळं केलं. ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली. रात्री त्यांच्या श्वासाचा आवाज बदलला तर मला झोपेत कळायचं. आणि शेवटचा श्वास केदारला मिळाला, मला पियानो. हे गाळलं होतं.

अजून एक आहे. मी धावत खोलीत गेले तेव्हा तिथं गोड वास होता. पानाच्या ठेल्यापाशी येतो तसा. शेजारी ऑक्सिजनचं मशीन चालू, आणि बाप जात असताना हा तिथं बसून धूर काढत होता. मी आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही. त्यालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर हातून काहीतरी झालं असतं.

आता सांग, घालतोस की नाही?

रत्ना

---

ट्रॉय
११ मार्च

रत्ने,

घालतो.

तुझं पत्र आल्यावर मी गॅरेजमध्ये जाऊन बर्फाचं फावडं उगाचच पुसून ठेवलं. श्रीराममामा माझे मामा होते, तुझ्याइतके नसले तरी थोडेसे माझेही होते. त्या वासाबद्दल तू लिहिलंस ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथं टक्कल असल्यामुळे बराच वेळ राहिली.

माझ्या अटी ऐक. मी त्याच्याकडून खोटं वदवून घेणार नाही. 'चोर' आणि 'नालायक' ही तुझी मतं आहेत. संकल्पात मतं घालत नाहीत. नमस्कारही काढला, श्राद्धात बहिणीला नमस्कार कुठे बसवायचा हे मला सुचलं नाही. पण माणसानं केलेली गोष्ट त्याच्याच तोंडून पितरांना सांगायला लावली तर त्यात पाप दिसत नाही. मी शोधून पाहिलं. सापडेल असं वाटलं असतं तर मी जरा कमी शोधलं असतं.

त्या तेलाला संस्कृतात नाव नाही, ते पाडावं लागलं. 'बाष्पतैल' करून पाहिलं, पण ते सांधेदुखीच्या औषधासारखं वाटतं. 'धूमरस' बरा. शब्द ऐकूनच ठसका लागतो. वाक्य असं:

मातृदत्तं जलं विहाय धूमरसम् ऊढवान् अहं केदारशर्मा.

आईनं दिलेलं पाणी टाकून ज्यानं धुराचा रस वाहून आणला तो मी केदार. एवढंच. मग पुढचं नेहमीचं, अपसव्य, तीळ, पिंड. मी 'ऊढवान्'वर जरा थांबेन, तुझ्यासाठी.

एक धोका आहे. दहावीला त्याला संस्कृत होतं, आणि ते मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीला मीच त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. त्याला शंभरात अठ्ठ्याण्णव पडले होते आणि निकालाच्या दिवशी 'देव' सोडून काही आठवत नव्हतं. तेव्हा धोका बेताचा आहे.

मोरेश्वर

---

बेलव्ह्यू
१७ मार्च

मोरूदादा,

झालं. दोन महिन्यांनी आज मी पोटभर जेवले.

तुझा चौकोन वर, केदारचा खाली. त्याच्या स्वयंपाकघरातल्या मधल्या ओट्यावर ताट, दर्भ, तांब्या, मागे फ्रिज. त्याची लेक आन्या लॅपटॉप धरून उभी. केदारनं पहिलं सगळं म्यूटवरच म्हटलं आणि आन्या म्हणाली, "बाबा, यू आर ऑन म्यूट," तर तेही त्यानं तुझ्यामागून म्हटल्यासारखं म्हणायला सुरुवात केली. मला हसू आलं. मग तुझं 'क्रौंचद्वीपे' आलं, 'पोटोमॅकतीरे' आलं, आणि मग आपलं वाक्य.

तू 'मातृदत्तं' म्हणालास, त्यानं म्हटलं. 'जलं विहाय' म्हणालास, त्यानं म्हटलं. तिथं तो थबकला. पाण्याकडे बघत राहिला. मग 'धूमरसम्' म्हणायच्या आधी त्यानं काहीतरी भलतंच घुसडलं. 'पितू राज्ञया' असं काहीसं. राज्ञी म्हणजे राणी, एवढं मलाही येतं. बाबांची राणी कुठून आली? की आईला म्हणाला? मग 'धूमरसम् ऊढवान् अहं केदारशर्मा' मात्र अगदी खणखणीत, आणि बोटांमधून पाणी सोडलं. कॅमेऱ्याकडे बघत सोडलं.

मला वाटलं होतं त्याच्या बावळट चेहऱ्याकडे बघून थंड वाटेल. थंड वाटलं. पण तो बावळट दिसत नव्हता, हे जरा खटकलं.

ती राणी कोण, तेवढं कळव. चुकीचं बोलला असेल तर संकल्प लागू होतो ना?

रत्ना

---

हर्नडन
१७ मार्च

डियर मोरूदादा,

सॉरी, माझं मराठी टायपिंग स्लो आहे, आन्याच्या फोनवर ऑटोकरेक्टसुद्धा नाही.

तुला वाटलं असेल मला समजणार नाही. जनरली नसतं समजलं. पण 'धूम' म्हटल्यावर माणूस कान देतोच. 'ऊढवान्' तूच पाठ करून घेतला होतास, सांगलीच्या गच्चीवर, चुकलो की कानाला चिमटा. कानाला आठवलं यार.

मला माहीत आहे हे ताईनं करायला सांगितलं. इट्स ओके. ती रागावलेली आहे आणि तिचा राइट आहे. पण पितरांपुढे हाफ स्टोरी नको म्हणून मी तो एक वर्ड ॲड केला. तुला कळला असेलच. ताईला कळला नसेल. प्लीज सांगू नकोस.

स्टोरी अशी. बाबा माझ्याकडे होते तेव्हा मी गॅरेजमध्ये व्हेप करायचो. पान फ्लेवर. एकदा बाबा मागून आले, मला वाटलं आता भाषण. तर म्हणाले, "हा कोल्हापूरच्या महाद्वार रोडचा वास इथं कसा?" मग रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे. कधीतरी एखादा झुरका. ताईकडे जायच्या आधी मला म्हणाले, "रत्नाला बोलू नकोस, तिला मी सगळं सोडलंय असं सांगितलंय."

शेवटच्या आठवड्यात रात्री ताई झोपल्यावर त्यांनी मला फोन केला. आवाज जवळजवळ नव्हताच. "केदार, ती पानाची आण रे. ओढायची नाही. नुसती हुंगायची." त्यांना तोंडानं काहीच देत नव्हते ना. मी नवी बाटली घेतली. आईची बाटली मी विसरलो नव्हतो, पिशवी भरली म्हणून सॉक्समध्ये गुंडाळून सुटकेसमध्ये टाकली. वाटलं, सुटकेस येणारच की.

ताई फोनवर गेली तेव्हा त्यांनी हात हलवला. मी झाकण काढून नाकाशी धरली. यंत्र चालूसुद्धा केलं नाही, ऑक्सिजन होता. बस तेवढंच.

ताईला कळलं तर तिला वाटेल बाबा तिच्याशी खोटं बोलले. मला शिव्या देऊ दे तिला. मी घेतो.

केदार

---

ट्रॉय
१९ मार्च

चि. रत्नेस आशीर्वाद.

संकल्प लागू होतो. काळजी नसावी.

इथं परत बर्फ पडला. कचरा उचलणाऱ्यांनी आमचा डबा शेजाऱ्यांकडे ठेवला आणि शेजाऱ्यांचा आमच्याकडे, त्यामुळे आम्ही सध्या एका इटालियन कुटुंबाच्या बाटल्या सांभाळतो आहोत. सुवर्णाचा गुडघा बरा आहे. तुझी रजा संपून ऑफिस सुरू झालं का? जेवत जा.

त्या राणीचं असं आहे की व्हिडिओवर आवाज तुटतो, आणि संस्कृत शब्द एकमेकांना चिकटून येतात. कोणी काय म्हटलं ते नीट उलगडायला सवड लागते. सवडीनं लिहीन.

मोरेश्वर

---

बेलव्ह्यू
२० मार्च

मोरूदादा,

तू हवापाण्याचं लिहिलंस तेव्हाच मी समजले. मग वहिनींना फोन केला. म्हटलं, केदारची राणी कोण हो? त्या म्हणाल्या, "राणी नव्हे गं, ते तर..." मग कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला. शिट्टी मला ऐकू आली नाही.

कचऱ्याच्या डब्याचं पुढच्या वेळी लिही. आता शब्द सांग.

रत्ना

---

ट्रॉय
२३ मार्च

रत्ने,

व्याकरणातला संधी पुल्लिंगी आणि आयुष्यात मिळते ती संधी स्त्रीलिंगी, हे मी मुलांना शिकवताना विनोद म्हणून सांगतो. केदारला दोन्ही एकाच दमात मिळाले आणि त्यानं एकही फुकट घालवला नाही. तुझ्या कानांनी 'पितु' आणि 'राज्ञया' असं तोडलं. तो शब्द तसा तुटत नाही. पितुः आज्ञया. वडिलांच्या आज्ञेनं.

राणी नाही. आज्ञा आहे.

तीस वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेली ही पहिली बिनचूक तृतीया. चूक असती तर मी तुला हसत हसत लगेच कळवली असती.

त्यानं मला पत्र लिहिलं आणि तुला सांगू नकोस म्हणून बजावलं. मी चार-पाच दिवस बजावलेलं पाळलं. मग सुवर्णा म्हणाली, "तिला तिच्या बापाबद्दल कळू द्यायचं नाही असं ठरवणारे तुम्ही दोघं कोण?" मला सूत्र सापडलं नाही. म्हणून केदारचं पत्र जसंच्या तसं सोबत जोडतो. ते आधी वाच, मग हे खालचं वाच.

वाचलंस?

तो वास धुराचा नव्हता. झाकणाचा होता. मामांनी मागवलेला होता. मी तुझ्या रागाला शब्द पुरवले, आणि शब्द अर्धेच खरे निघाले. ते पूर्ण करण्याचं काम यजमानाला करावं लागलं, यापेक्षा भटजीची नाचक्की काय व्हायची? तेव्हा तू माझ्यावरही रागाव. मी तुझ्या घरापासून दोन हजार मैलांवर असल्यामुळे मला ते सोयीचं आहे.

आता त्याला सोड, असं म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुला सोडायचं नसेल तर नको सोडूस. फक्त कशासाठी धरलं आहेस ते नीट बघून धर.

मोरेश्वर

---

बेलव्ह्यू
९ एप्रिल

मोरूदादा,

उत्तराला वेळ लागला. केदारचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आधी बाबांचा राग आला. रोज रात्री मी त्यांना विचारायची, काही हवंय का? ते मान हलवायचे, नको. आणि मी झोपल्यावर हर्नडनला फोन. मी आणून दिली नसती का? नसती दिली. ओरडले असते. ऑक्सिजन, फुप्फुसं, डॉक्टर, सगळं त्यांना ऐकवलं असतं. ते त्यांना माहीत होतं. दीड वर्ष माझ्या हातचं खाल्लं आणि मला पुरतं ओळखून होते.

मग परत केदारचा राग आला, तेव्हा जरा बरं वाटलं. कारण तू आणि तो मिळून एक गोष्ट सराईतपणे ओलांडून गेलात. पानाची बाटली पितुराज्ञया, मान्य. कॉफी आणि पुदिना कोणाच्या आज्ञेनं? त्यांतली एक जरी घरी ठेवली असती तरी आईची बाटली पिशवीत बसली असती, झिप लागली असती. मग मी ड्रायरजवळ गेले नसते. तू संकल्पात काही खोटं घातलेलं नाहीस, दादा. तुझं वाक्य बरोबर होतं. त्याचं व्हेपिंग माझ्या बाबांच्या आज्ञेत बसत नाही, आणि हे मी त्याला फोन करून सांगितलं. त्यानं वाद घातला नाही. "हो ताई," म्हणाला. त्याच्या "हो ताई"नं मला फार त्रास होतो. भांडला असता तर बरं झालं असतं.

म्हणून मी दुसरी व्यवस्था केली आहे.

अस्थी अजून इथंच आहेत. बाबांना नृसिंहवाडीच्या संगमावर जायचं होतं. मी दोघांची तिकिटं काढली, पुढच्या महिन्यातली, आमच्या शेजारच्या सिॲटलहून. केदारला कळवलं की आधी इथं ये, मग बरोबर निघू. भारतात ते यंत्र न्यायलाच बंदी आहे, तेल न्यायलाही, कायदा आहे. सुटकेसमध्ये नाही, पिशवीत नाही, खिशात नाही. तो म्हणाला, मी ते आमच्या घरीच ठेवून येतो. मी म्हटलं, इथवर आण हवं तर, माझ्या मोज्यांच्या खणात ठेवू. तेवढं मला हवं होतं.

लांबचं विमान आहे. सलग बसायचं आहे. मी स्वतःला येण्याजाण्याच्या वाटेलगतची जागा घेतली, त्याला मधली. खिडकीपाशी कोणी परका येईल, तो झोपेल. अस्थींची पिशवी केदारच्या पायाशी. जेवण झाल्यावर ते दिवे मंद करतील. तेव्हा त्याला तलफ येईल, हात खिशाकडे जाईल, खिशात काही नसेल. मग मी विचारायला सुरुवात करणार आहे.

बाटली कुठल्या हातात धरली होतीस? झाकण काढलंस तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते का? त्यांना वास आला हे तुला कशावरून कळलं? हसले? माझं नाव घेतलं का? मी कुठे आहे असं विचारलं का, आणि तू काय सांगितलंस? मग पुढचा श्वास. मग त्याच्या पुढचा. शेवटचा आहे हे तुला कधी कळलं, आणि कळल्यावर मला हाक मारायला किती वेळ लावलास? सगळं, पहिल्यापासून. गाळलेलं चालणार नाही. मी परत परत विचारीन. तो रडला तरी विचारीन.

आणि त्याला उठून जावंसं वाटलं, तर माझ्या गुडघ्यांवरून जावं लागेल. मी पाय आखडून घेणार नाही.

रत्ना